दागिन्यांची पेटी : आपल्या पाच कर्मांचा एक घरगुती दाखला

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे लेखकाची दृष्टी स्वभावतःच देवळांकडे, शिलालेखांकडे आणि मोठ्या वाड्यांकडे वळते. प्रभू विश्वकर्म्यापासून परंपरा सांगावी, मनु, मय, त्वष्टा, शिल्पी व विश्वज्ञ या पाच पुत्रांची नावे घ्यावीत, लोखंड, लाकूड, तांबे, पाषाण व सोने या पाच कर्मांचा गौरव करावा आणि लेख पुरा करावा, अशी एक वहिवाटच पडून गेली आहे. हा गौरव अस्थानी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु देवळे दूर आहेत आणि वाडे एकामागून एक जमीनदोस्त होत आहेत. आपली पाचही कर्मे जिथे एकत्र आली, अशी एखादी वस्तू आपल्या स्वतःच्या घरात दाखविता येईल काय, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला, तेव्हा जी वस्तू डोळ्यांपुढे आली ती म्हणजे माजघरातील दागिन्यांची लाकडी पेटी.

पेटीचे अंग सुताराचे. तिच्या पितळी कड्या, बिजागऱ्या व कोपऱ्यावरील पट्ट्या तांबटाच्या वा कासाराच्या. कुलूप, कोयंडा व खिळे लोहाराचे. आतील ऐवज सोनाराचा आणि त्या ऐवजाचा कस ज्यावर पाहिला तो काळा दगड पाषाणातला. आकाराने दीड हात, परंतु पाची भावंडे तीत नांदतात. अशा या पेटीचा ठाणे, कल्याण व डोंबिवली या आपल्या परिसरातील इतिहास थोडक्यात सांगावा आणि आज एखाद्या घरी तशी पेटी अथवा छोटे कपाट करावयाचे झाल्यास ते कसे करावे हेही नोंदवावे, असा या लेखाचा हेतू आहे.

कल्याण बंदर आणि कारागिरांची नावे

कल्याणचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात आले आहे. त्याच ग्रंथात भडोच बंदरातून इराणी आखाताकडे सागवान, शिसव व आबनूस यांचे लाकूड जात असे, असा उल्लेख आहे. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापारी साधूने कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात तांबे, कापड आणि शिसवीचे ओंडके यांची नोंद केली. म्हणजे ज्या खाडीकाठी आज लोकलगाड्यांची गर्दी दिसते, त्या काठावर लाकूड व धातू यांचा व्यापार दीड हजार वर्षांपूर्वी चालू होता, याला परदेशी साक्षीदार आहे.

याहून महत्त्वाची साक्ष आपल्या डोंगरांत कोरलेली आहे. साष्टीतील कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे अनेक लेख आहेत. त्यांत एक पाण्याची पोढी दान करणारा कल्याणचा सुवर्णकार स्वामिदत्त आहे, तसाच वाट बांधून देणारा कल्याणचा लोहार नंद आहे. बोरघाटावरील कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारापाशी धेनुकाकट येथील वेणुवासाचा पुत्र सामि याचे नाव आहे आणि तो आपणास 'वढकी' म्हणवितो. वढकी म्हणजे वर्धकी, म्हणजेच वाढई, सुतार. लेण्याचे द्वारमुख आपण केले असे तो लेख सांगतो. त्याच चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत.

या लेखांतील एका गोष्टीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. हे तिघेही राजे नव्हते, श्रेष्ठीही नव्हते. ते हातांनी काम करणारे लोक होते, आणि त्यांनी आपले नाव, गाव व धंदा न लाजता दगडावर कोरविला. सोनार, लोहार आणि सुतार या तिघांचीही नावे आपल्या परिसराच्या प्राचीन लेखांत सापडावीत ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र त्यानंतरच्या काळात आपल्या हातची असंख्य कामे झाली आणि ती करणाऱ्यांची नावे मात्र हरपली. या लेखाच्या शेवटी या मुद्द्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पेटीतील पेटी

मौल्यवान वस्तू पेटीत ठेवण्याचा आपल्या भागातील सर्वांत प्रसिद्ध पुरातन दाखला सोपाऱ्याचा आहे. सोपारे हे गाव १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली केले. स्तूपाच्या पोटात एक दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा करंडक होता. त्या सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. भोवती सोन्याची फुले वाहिलेली होती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने जतन केला आहे.

सोपाऱ्याच्या या करंडकांत आपली चार कर्मे दिसतात. पाषाण आहे, तांबे आहे, सोने-रुपे आहे आणि दगडी पेटी घडविणाऱ्याच्या हातातील लोखंडी छिन्नी न दिसताही आहेच. नाही ते लाकूड. याचे कारण उघड आहे. जे जमिनीत पुरावयाचे ते लाकडात ठेवीत नाहीत, कारण कोकणच्या ओल्या मातीत लाकूड टिकत नाही. लाकडी पेटी ही जिवंत घरातील वस्तू आहे. ती रोज उघडली जाते, तिच्यावर हात फिरतो, तिच्याखाली केरसुणी जाते. जमिनीत पुरलेले धन हे भयाच्या काळाचे लक्षण आणि पेटीत ठेवलेले धन हे निर्भय संसाराचे लक्षण, असा हा भेद आहे.

भयाचा काळ आपल्या भागाने पुष्कळ पाहिला. फिरंग्यांचा अंमल, मोगलांच्या स्वाऱ्या, खाडीतून येणारे चाचे, यांमुळे हंड्यात भरून पुरलेली डबोली, भिंतीतील धान्याच्या बळदात दडविलेली गाठोडी आणि चुलीमागील कोनाडे हीच पुष्कळांची तिजोरी होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर दुर्गाडीचा पाया खणताना द्रव्य सापडले, अशी आख्यायिका कल्याणात आबालवृद्धांस ठाऊक आहे. आख्यायिकेला आम्ही इतिहासाचा दर्जा देत नाही. तथापि जमिनीत द्रव्य असणे लोकांना किती स्वाभाविक वाटत होते, हे तीवरून कळते. याच कल्याणच्या खाडीत महाराजांनी आरमारासाठी जहाजे बांधविली, आणि जहाज म्हणजे सुताराच्या कामाची परिसीमा होय. पाणी आत येऊ न देणारा सांधा ज्याला बसविता येतो, त्याला धूळ आत न येणारी पेटी अवघड नाही.

फणेरपेटी, तराजूची पेटी आणि देवघराचा खण

मराठ्यांनी १७३७ साली ठाणे घेतल्यानंतर या मुलखात जे काही स्थैर्य आले, त्यात वाडे उभे राहिले, आणि वाड्यांबरोबर घरातील लाकडी सामानही वाढले. या सामानात दागिन्यांसाठी तीन प्रकारच्या वस्तू दिसतात.

पहिली फणेरपेटी. फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी आणि झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा, अशी तिची मांडणी. झाकण उघडले म्हणजे आरसा तिरका उभा राहतो आणि गृहिणी पाटावर बसून वेणीफणी करते. पुढच्या लहान खणात नथ, कुड्या, बुगड्या अशा रोजच्या वस्तू असत. ही पेटी बहुधा लेकीच्या लग्नात देत.

दुसरी वस्तू सोनाराची तराजूची पेटी. अखंड लाकडात दोन गोल खळगे पारड्यांसाठी, एक लांब खाच दांडीसाठी, आणि प्रत्येक वजनाला त्याच्या मापाची खोबण. आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ होते. मेट्रिक वजने आली तेव्हा ती वजने गेली, परंतु खोबणींची पेटी काही घरांत राहिली. सुताराने सोनारासाठी केलेली ही वस्तू म्हणजे एका भावाने दुसऱ्या भावाच्या कामाचा केलेला बारीक अभ्यास होय. वस्तूच्या मापाची जागा करावी, म्हणजे वस्तू हलत नाही, झिजत नाही आणि जागा रिकामी दिसताच उणीव तत्काळ कळते, हा जो नियम त्या पेटीत आहे, तोच दागिन्यांच्या कोणत्याही कपाटाचा पाया आहे.

तिसरी वस्तू देवघराचा खालचा खण. लक्ष्मी देवाच्या पायाशी असावी ही श्रद्धा, आणि देवापाशी कोणी अकारण हात घालणार नाही हा व्यवहार, असे दोन्ही त्यात साधत. पुष्कळ जुन्या देवघरांना मागील बाजूस चोरकप्पा असे. तो उघडण्याची युक्ती घरातील एक-दोन वडील माणसांनाच ठाऊक असे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई व सुरत येथे चंदनी लाकडावर हस्तिदंत, आबनूस व धातू यांची बारीक जडणी करून केलेल्या पेट्यांना परदेशात मोठी मागणी आली. त्या 'बाँबे बॉक्स' या नावाने विलायतेतील संग्रहालयांत जाऊन बसल्या. साहेबाने विकत घेतलेल्या पेटीचा इतिहास लिहिला गेला. घरातल्या लेकीला दिलेल्या पेटीचा लिहिला गेला नाही. वस्तूच्या मोलापेक्षा गिऱ्हाइकाच्या मोलावर इतिहास कसा अवलंबून असतो, याचे हे उदाहरण आहे.

लाकूड गेले, पोलाद आले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली आणि १८५४ साली ती कल्याणपर्यंत आली. आपल्या ज्ञातीच्या जीवनात या घटनेने जो पालट केला, तेवढा कोणत्याही राज्यक्रांतीने केला नसेल. गावात बलुत्यावर काम करणारा सुतार व लोहार परळ व माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांकडे वळू लागला. आगगाडीचे डबे त्या काळी लाकडी अंगाचे असत, त्यामुळे सुताराच्या हाताला तेथे मान होता. १९५५ साली पेरांबूर येथे संपूर्ण पोलादी डब्यांचा कारखाना सुरू झाला आणि ते कामही हळूहळू आटले. दुसरीकडे १८७८ च्या वनकायद्याने जंगले राखीव झाली आणि शहापूर-मुरबाडच्या रानातील साग पूर्वीइतका सहज हाती लागेना.

घरातही पोलाद आले. आर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला. पुढे तिजोऱ्या आल्या व १९२३ पासून पोलादी कपाटे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. त्याच जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या व त्या दूरवर जाऊन पडल्या. या आगीत पोलादी तिजोऱ्यांनी आतील वस्तू राखल्याची ख्याती झाली आणि मध्यमवर्गाची खात्री पटली की, ऐवज ठेवावा तो पोलादातच. त्यानंतर लग्नात मुलीला लाकडी पेटीऐवजी पोलादी कपाट देण्याची चाल पडली. कल्याणशेजारच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती होऊन १९४९ साली उल्हासनगर नावारूपास आले. त्या कष्टाळू लोकांनी तयार फर्निचराचा जो बाजार उभा केला, तो आज साऱ्या जिल्ह्यास ठाऊक आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, ठाण्याची वागळे वसाहत व मागाहून डोंबिवलीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. आपले तरुण कारखान्यांत गेले. तेथे त्यांचे भले झाले, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु बापाची पटाशी मुलाच्या हाती येण्याचा क्रम तेथे तुटला.

आमच्या सोनार बांधवांवर तर याहून कठीण प्रसंग आला. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा आदेश निघाला आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. चीनच्या आक्रमणानंतर देशाच्या परकीय चलनाची निकड होती हे खरे. तथापि शेगडी, फुंकणी आणि चिमटा एवढ्यावर संसार चालविणाऱ्या हजारो कारागिरांच्या हातचे काम त्यामुळे गेले. १९६८ साली त्याचा कायदा झाला व तो १९९० पर्यंत राहिला. त्या सत्तावीस वर्षांत ज्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली, त्यांपैकी थोडीच परत आली. सोनाराचा हात थांबला, सुताराचा हात वळला, आणि ज्या पेटीत दोघे भेटत होते ती पेटी माळ्यावर गेली.

किल्ली कोणाची?

पेटीचा इतिहास सांगताना तिची किल्ली कोणाच्या कमरेला होती, हा प्रश्न टाळून चालणार नाही. लग्नात व लग्नानंतर स्त्रीस मिळालेला ऐवज हे स्त्रीधन, असे धर्मशास्त्रकार पूर्वापार सांगत आले. व्यवहारात मात्र सावकाराकडे पहिल्याप्रथम गहाण पडे ते तेच, आणि घर घेताना, मुलाच्या शिक्षणासाठी, नणंदेच्या लग्नासाठी मोडले जाई तेही तेच. पुष्कळ स्त्रियांनी ते आनंदाने दिले. पण जिथे विचारलेच गेले नाही अशीही घरे होती, हे आपण आपल्यापुरते मान्य केले पाहिजे.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ साली प्रतिभाराणी विरुद्ध सूरजकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, स्त्रीधन हे तिचे स्वतःचे असून सासरच्या मंडळींकडे ते असले तर ते केवळ विश्वासाने सांभाळावयास दिलेले असते. कायद्याने जे सांगितले ते पेटी करणाऱ्यानेही आपल्या रचनेत उतरविले पाहिजे. पेटी जिच्यासाठी आहे तिला विचारल्याशिवाय तिचा आराखडा काढू नये, आणि किल्ली तिच्याच हाती द्यावी.

घरी कपाट करावयाचे झाल्यास

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आज ठाणे-कल्याणातील जुने वाडे व चाळी पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांतील सागवानी तुळया, खांब व दारे विकली जात आहेत. ज्यांचे स्वतःचे घर असे पडत आहे, त्यांनी एखादी तुळई तरी ठेवून घ्यावी. इतकी वर्षे वाळलेले लाकूड नव्या बाजारात मिळणार नाही. त्यातील जुने खिळे लोहचुंबक फिरवून शोधावेत व काढावेत, अन्यथा रंध्याचे पाते जाईल. गाभ्याचे लाकूड घ्यावे, कडेचा पांढरट भाग कीड खाते म्हणून टाकून द्यावा.

प्रथम ऐवजाची यादी करावी. पाटल्या, तोडे व बांगड्या एकीकडे, ठुशी, चिंचपेटी व तन्मणी ही गळ्यालगतची लेणी दुसरीकडे, मोहनमाळ, बोरमाळ व पुतळ्यांची माळ हे लांब अलंकार तिसरीकडे, नथ, कुड्या व अंगठ्या या बारीक वस्तू चौथीकडे, आणि चांदीची जोडवी व पैंजण स्वतंत्र. बांगडीच्या मापाचे 'दोन-चार', 'दोन-सहा' हे आकडे म्हणजे दोन इंच व वर चार अथवा सहा सोळांश इंच आतील व्यास, हे ध्यानात घेऊन खणाची उंची ठरवावी. लांब माळा घडी करून ठेवल्यास गुंततात, यास्तव त्या टांगाव्यात.

साधारण कुटुंबास रुंदी अठरा इंच, उंची अठरा इंच व खोली दहा इंच एवढे कपाट पुरते. बाहेरच्या फळ्या पाऊण इंच जाडीच्या घेतल्यास आत साडेसोळा इंच रुंदी व तितकीच उंची उरते. मध्ये अर्धा इंच जाडीची उभी फळी घालून डावीकडे पाच इंचांचा उभा कप्पा करावा, त्याला दार लावावे व आत वरच्या बाजूस पितळी आकडे बसवावेत. हा माळांचा कप्पा. उजवीकडे अकरा इंच रुंदीत पाच खण येतात. वरचे दोन दोन-दोन इंचांचे, तिसरा तीन इंचांचा, चौथा साडेतीन इंचांचा आणि तळचा चार इंचांचा, व त्यांच्यामध्ये अर्ध्या इंचाच्या चार आडव्या फळ्या धरल्या म्हणजे साडेसोळा इंचांचा हिशेब बरोबर जुळतो. वरच्या खणांत नथ व अंगठ्यांसाठी बारीक घरे पाडावीत, तळच्या खणात चांदी ठेवावी.

बाहेरच्या चौकटीचे चारी कोपरे व खणांचे पुढचे कोपरे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या दातांनी जोडावेत. याच सांध्यास हल्ली कारखान्यांत डव्हटेल म्हणतात. खण पुढे ओढताना ज्या दिशेने जोर बसतो, त्या दिशेने हा सांधा सुटत नाही. खिळा मात्र काही वर्षांत ढिला होतो. खणाचा तळ खाचेत सरकवावा, डिंकाने चिकटवू नये. लाकूड पावसाळ्यात रुंदीने फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्याला हलावयास जागा न ठेवल्यास ते चिरते. खण उन्हाळ्यात बसवीत असाल तर भोवती किंचित मोकळीक ठेवावी, नाहीतर आषाढात तो अडकून बसेल व ऐन मंगळागौरीच्या दिवशी पाटल्या बाहेर येणार नाहीत.

वरून चपड्याचे पॉलिश द्यावे. पॉलिशाचा व डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान महिनाभर, कपाट उघडे ठेवावे. मोत्यांना अशा वाफांचा उपद्रव होतो. अस्तर मऊ सुती कापडाचे अथवा सुती मखमलीचे असावे. लोकरीच्या कापडात गंधकाचा अंश असल्याने चांदी काळी पडते. चांदीच्या खणात खडूचे तुकडे ठेवण्याची आजीबाईंची रीत सोडू नये, त्यांनी हवेतील ओल शोषली जाते. कपाट आतील बाजूने स्क्रूने भिंतीस पक्के करावे, कारण कुलूप कितीही चांगले असले तरी पेटीच उचलून नेणाऱ्यास कुलपाचे भय नसते.

चोरकप्पा करावा की नाही, असे कोणी विचारील. अवश्य करावा. परंतु त्याची जागा आम्ही येथे देत नाही, कारण छापून आलेला चोरकप्पा हा चोरकप्पा राहत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो की, लाकडी कपाट ही तिजोरी नव्हे. भारी ऐवज बँकेच्या लॉकरात असावा. घरचे कपाट नेहमीच्या लेण्यांसाठी, सणावारांसाठी आणि लेकीसुनांना ते दागिने ओळखता यावेत यासाठी आहे. लॉकरात बंद असलेली वज्रटीक नातीला कोणी दाखविलीच नाही, तर ती तिला केवळ वजनाने कळेल, नावाने कळणार नाही.

नाव लिहावे

पेट्यांच्या या इतिहासात आम्हांस सर्वाधिक खटकते ती एक गोष्ट आता सांगावयाची. जुन्या पेट्या ज्या घरांत आहेत, तेथे आतील ठुशी कोणत्या पणजीची, पाटल्या कोणत्या आत्याच्या लग्नात केल्या, हे घरातील बायका चटकन सांगतात. पेटी कोणी केली असे विचारावे, तर उत्तर येते, "कोणी सुताराने केली असेल." ज्ञातीतच हे उत्तर मिळावे, यासारखे दुर्दैव नाही. कार्ल्याच्या दारावर सामीने आपले व आपल्या बापाचे नाव ठेवले. कल्याणच्या स्वामिदत्ताने व नंदाने कान्हेरीत ठेवले. त्यांना दगड मिळाला होता हे खरे, पण आपल्यालाही खणाचा तळ मिळालेला आहे. तेथे पटाशीने चार अक्षरे कोरावयास कोणाची आडकाठी होती?

आडकाठी मनाची होती. हाताचे काम हलके, लेखणीचे काम भारी, ही समजूत बाहेरून आली असेल, पण आपण ती घरात घेतली. मुलाने कारखान्यात वा कचेरीत जावे असे वाटणे वावगे नाही. मात्र त्याने आजोबांच्या वाकसाकडे पाहून संकोचावे, असे संस्कार आपणच केले. हा संकोच व्याख्यानांनी जाणार नाही. आठवड्याच्या सुटीत बाप, मुलगा व मुलगी मिळून एखादे कपाट करतील, करवत सरळ चालविणे किती कठीण आहे हे एकदा स्वतःच्या मनगटाला कळेल, तेव्हाच तो जाईल. मुलीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला आहे. पेटी तिच्यासाठी असेल तर हत्यार तिच्या हाती का नसावे?

म्हणून ज्ञातिबांधव व भगिनींस आमची दोन मागणी आहेत. पहिली, ज्यांच्या घरी जुनी पेटी, फणेरपेटी, तराजूची पेटी किंवा खणांचे देवघर असेल, त्यांनी तिची लांबी-रुंदी, लाकूड, सांध्यांचा प्रकार, ती घरात कोणत्या निमित्ताने आली आणि ठाऊक असल्यास करणाऱ्याचे नाव, एवढी माहिती घरातील सर्वांत वृद्ध माणसास विचारून कागदावर उतरवून ठेवावी. आतील ऐवजाची माहिती आम्हांस नको आहे, तो ज्याचा त्याने सांभाळावा. पाडकामात पेटी भंगारवाल्यास देण्यापूर्वी तर हे अवश्य करावे. दुसरी, जे कोणी नवे कपाट करतील, त्यांनी तळच्या खणाच्या पाठीमागे करणाऱ्याचे नाव, त्याचे मूळ गाव, वर्ष, आणि जिच्यासाठी ते केले तिचे नाव, अशा चार ओळी कोराव्यात. लाकूड कोणत्या घरच्या तुळईचे हेही लिहिता आल्यास उत्तम. अशा नोंदी ज्ञातीच्या दप्तरात येत गेल्या, तर पुढील अंकांतून त्या क्रमाने छापता येतील, आणि आपला इतिहास लिहू इच्छिणाऱ्यास केवळ वंशावळीवर विसंबून राहावे लागणार नाही.